दम आहे? मग आडवं पडून दाखवा!

माहीत आहे का? छातीखालचा घुमटासारखा स्नायू, म्हणजे आपलं श्वासपटल, रोज वीसेक हजार वेळा राबतं. ना वीकेंड, ना दिवाळीची सुट्टी! पण ‘पॉम्पे’ नावाच्या दुर्मीळ आजारात या ओव्हरटाइमवाल्याचाच दम निघतो.

साखरेचं गोडाऊन
पेशींतल्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, फोडणारं एक एन्झाइम असतं. पॉम्पेत ते कमी पडतं किंवा नसतंच. माल येतो, उठाव शून्य! पिशव्या फुगतात, स्नायू खचतात.

डॉक्टर की हीरो?
दोन्ही! डच डॉक्टर योहानेस पॉम्पे यांनी १९३२मध्ये सात महिन्यांच्या बाळात हा आजार टिपला. पुढे ते नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत उतरले. १५ एप्रिल १९४५ला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. हॉलंडच्या सुटकेला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. आज १५ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय पॉम्पे दिन आहे.

दिवसा वॉक, रात्री मशीन
मोठेपणी पॉम्पे झालेला माणूस कधी स्वतःच्या पायांनी फिरतो, पण रात्री त्याला श्वासाचं मशीन लागतं! स्वप्नांच्या झोपेत श्वासाचे इतर मदतनीस स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार श्वासपटलावर येतो. ते कमजोर असेल, तर सकाळी डोकं ठणकतं आणि दिवसभर पेंग येते.

झोपा, म्हणजे कळेल
स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे श्वास मोजणाऱ्या यंत्रात, आधी बसून फुंकायचं, मग आडवं होऊन. निरोगी माणसाचा आकडा झोपल्यावर फार तर दहा टक्क्यांनी घसरतो. पंचवीस-तीस टक्के घसरला, की श्वासपटलावर संशय पक्का! पडल्यावर पोटातले अवयव वर ढकलतात, तो रेटा कमजोर श्वासपटलाला झेपत नाही.

नाकावर टिच्चून टेस्ट
नाकपुडीत छोटं बोंडू बसवतात आणि म्हणतात, ‘हं, जोरात हुंगा!’ त्या एका झटक्यात श्वास ओढण्याची ताकद मोजली जाते. एकक काय, माहीत आहे? पाण्याचे सेंटिमीटर! बाहेर फुंकण्याचा जोरही मोजतात, कारण तो नसेल तर धड खोकताही येत नाही आणि कफ आतच राहतो.

पक्षी उडाला, ससा पावला
जपानी क्वेल पक्ष्यांनाही हा आजार होतो. १९९८च्या प्रयोगात एन्झाइम टोचल्यावर पाठीवर पाडलेले पक्षी पुन्हा उलटू लागले आणि एकानं तर मीटरभर उंच भरारी घेतली! पुढे रॉटरडॅममध्ये बाळांना दिलेलं एन्झाइम चक्क सशांच्या दुधातून काढलं होतं. २००६मध्ये बाजारात आलेलं औषध मात्र हॅमस्टरच्या पेशींत बनतं. डोस दर दोन आठवड्यांनी, सलाइनसारखा.

हॅरिसन फोर्डही हजर
पॉम्पे असलेल्या आपल्या मुलांच्या औषधासाठी कंपनी काढणाऱ्या बापावर २०१०मध्ये हॉलिवूडपट आला, ‘एक्स्ट्राऑर्डिनरी मेझर्स’. त्यात हट्टी शास्त्रज्ञ कोण? आपले इंडियाना जोन्स!

मुंबई कनेक्शन
२०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पॉम्पेचा समावेश आहे. त्याखाली नेमलेल्या केंद्रांत परळचं केईएम रुग्णालय आहे. मदतीची मर्यादा? रुग्णामागे ५० लाख रुपये.

तेव्हा मंडळी, आडवं होताच धाप लागत असेल, जिना चढताना मांड्या दगा देत असतील, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना गाठा आणि बिनधास्त विचारा, ‘श्वासाची टेस्ट झोपूनही घ्यायची का?’