मोहल्ला कमिटी

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर. कोकणी मुसलमान, आगरी, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी कारागीर असे कितीतरी लोक येथे दाटीवाटीने राहतात. या शहरात १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या. माणसे मेली, घरे जळाली, माग थांबले. माग हिंदूचा असो की मुसलमानाचा, तो थांबला की मालकाचा धंदा बुडतो आणि कामगाराची रोजी जाते.

पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भयंकर दंगली झाल्या. त्यांत सुमारे ९०० माणसे मेली. भिवंडी मुंबईपासून फार दूर नाही. पूर्वी दोनदा पेटलेले हे शहर आता पुन्हा पेटणार, अशी सर्वांना भीती होती. परंतु भिवंडी शांत राहिली. असे कसे झाले?

याचे उत्तर शोधायला आपल्याला १९८८ सालाकडे जावे लागेल. त्या वर्षी सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी शहरात सुमारे सत्तर मोहल्ला कमिट्या स्थापन केल्या. प्रत्येक कमिटीत दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस जोडून दिला. पोलिसांचा मोठा साहेब मोहल्ल्यात क्वचित येतो. बीटवरचा शिपाई किंवा हवालदार रोज येतो. त्याला लोकांची नावे ठाऊक असली आणि लोकांना त्याचे नाव ठाऊक असले, तर अर्धे काम तेथेच होते.

कमिटीच्या बैठकीत काय बोलत असतील, असे तुम्हांला वाटते? दंगलीविषयी? दंगल रोज होत नाही. रोज होतात ती नळावरची भांडणे. कोणाच्या दारात पाणी सांडले, कोणी ओट्यापुढे हातगाडी लावली, अशा लहानसहान गोष्टी. यांतले एक भांडण दोन वेगळ्या धर्मांच्या घरांत झाले आणि त्याच दिवशी मिटले नाही, तर संध्याकाळपर्यंत त्याचा रंग बदलतो.

येथे एका शब्दाकडे लक्ष द्या. फिर्याद, जामीन, अर्ज, हवालदार हे मराठी शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. ‘तक्रार’ हा शब्दही तसाच. पण त्याचा अर्थ थोडा सरकला आहे. उर्दूत तकरार म्हणजे हुज्जत, वादावादी. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे, शिकायत. मोहल्ला कमिटीचे काम या दोन अर्थांच्या मधले होते. मराठीतली तक्रार वेळेवर ऐकली, तर उर्दूतली तकरार टळते.

अफवेचेही असेच आहे. ‘अमक्या गल्लीत माणूस मारला,’ असे कोणी म्हटले, तर त्या गल्लीत आपल्या ओळखीचे कोण राहते, हे ठाऊक असावे लागते. त्याला विचारले की खरेखोटे लगेच कळते. ओळख नसेल, तर ऐकलेलेच खरे वाटते.

भिवंडी केवळ कमिट्यांमुळे शांत राहिली, असे म्हणणे घाईचे होईल. परंतु चार वर्षे एकत्र बसलेली माणसे त्या दिवसांत हाताशी होती, ही गोष्ट लहान नव्हे. खोपडे यांनी या कामावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले आहे.

मग नगरपालिकेचे काम काय? पोलीस हे राज्य सरकारच्या हाताखाली असतात. नगरसेवक त्यांना हुकूम देऊ शकत नाही. पण रस्त्यावरचे दिवे, नळ, गटार ही कामे नगरपालिकेची आहेत. ज्या गल्लीचा दिवा महिनाभर बंद आहे, तेथे पाकीटमाराला फार हुशारी लागत नाही. म्हणून कोणत्या गल्लीत, किती वाजता, कशावरून भांडण झाले, याची वही ठेवणे उपयोगाचे असते. काही महिन्यांनी ती चाळली की दिवा कोठे हवा आणि गस्त कोठे हवी, हे दिसू लागते. मात्र वही वाचताना सावध राहावे. तक्रारी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढलेच, असे नाही. पोलिसांवर विश्वास बसला की पूर्वी गप्प राहणारेही बोलू लागतात.

गावांसाठी महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिच्यात ग्रामसभेने समिती निवडायची आणि समितीने गावातील दिवाणी, महसुली, फौजदारी तंट्यांची नोंद करून त्यांत समेट घडवायचा, अशी रीत ठरली.

कमिटी एकदा स्थापन केली की काम संपले, असे मात्र होत नाही. अधिकारी बदलतात, बैठका विरळ होतात. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून याच भिवंडीत वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. त्या चारही घरांत आजही ते वर्ष कोणी विसरले नसेल.

आणखी एक गोष्ट. कमिटीने काय मिटवू नये, हेही समजून घ्या. चोरी, गंभीर मारहाण, स्त्रीवरील अत्याचार, लहान मुलांचा छळ यांत तडजोड नसते. ‘घरची गोष्ट घरात ठेवा,’ असे वडीलधाऱ्यांनी म्हटले, तरी ती ठाण्यात सांगावीच लागते. तेथे फिर्याद लिहून घेतात, वाचून दाखवतात, मग सही घेतात. तिची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते. ती मागून घ्यावी.