मातीतली औषधे, संगणकावरचा शोध

आज वापरात असलेली बरीचशी प्रतिजैविके मुळात मातीतल्या जिवाणूंनी बनवलेली रसायने आहेत. त्यांत स्ट्रेप्टोमायसीस हा गट आघाडीवर. महाराष्ट्राला हे शोधकाम नवे नाही. पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. ते देणाऱ्या जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना.

नंतर मात्र तीच ती रसायने पुन्हा हाती येऊ लागली. २००२ साली स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलरचा जीनोम वाचला गेला आणि अशी रसायने बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह त्यात दिसले. प्रयोगशाळेत त्यांपैकी अनेक निद्रिस्तच राहतात. असे समूह ओळखणारी अँटिस्मॅश ही संगणकप्रणाली २०११पासून मोफत उपलब्ध आहे.

त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या नवोदित संशोधकालाही घरच्या संगणकावरून सुरुवात करता येते. सांडपाण्याने प्रदूषित वालधुनी नदीकाठची माती आणि बारवी धरण परिसरातल्या रानातली माती, दोन्हींतले जिवाणू वेगळे करून त्यांची तुलना हा चांगला प्रकल्प ठरेल. जीनोम वाचून घेण्यासाठी मात्र बाहेरची प्रयोगशाळा लागते.

संगणक फक्त शक्यता सांगतो. जिवाणू वाढवणे, अर्क काढणे, तो रोगजंतूंवर तपासणे आणि रसायन खरोखर नवे आहे का याची खात्री करणे, हे कष्ट टळत नाहीत.