लाव्याला कंप का सुटला?

१९९१ साली जपानी लाव्यांच्या एका वाणाचे वर्णन प्रसिद्ध झाले. हे पक्षी सारखे थरथरत. तपासणीत असे दिसले की, त्यांच्या मज्जापेशींपासून निघणारे लांब अक्षतंतू नेहमीपेक्षा बरेच बारीक आहेत आणि त्यांच्यात न्यूरोफिलामेंट नावाची सूत्रे मुळी नाहीतच. १९९३ मध्ये कारण सापडले. ही सूत्रे ज्यापासून बनतात त्या एका प्रथिनाच्या जनुकात बिघाड होता. प्रथिनाची जुळणी अर्ध्यावरच थांबत असे.

तंतू बारीक झाला तर काय बिघडते? पाण्याची नळी आठवा. अक्षतंतू जाड असेल तर आतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाला रोध कमी होतो आणि संदेश लवकर पोचतो. मेद-आवरण असलेल्या जाड तंतूंत हा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो.

स्पेनचे रामोन इ काहाल यांनी १९०३ साली चांदीच्या क्षाराने मज्जापेशी रंगवल्या, तेव्हा त्यांना या सूत्रांचे जुडगे दिसले. एकेक सूत्र मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचे. त्याची जाडी जेमतेम १० नॅनोमीटर. एका मिलिमीटरात एक लाख सूत्रे शेजारीशेजारी मावतील!

सूत्राची तीन मुख्य प्रथिने हॉफमन व लासेक यांनी १९७५ साली ओळखली. त्यांना आज हलके, मध्यम व जड म्हणतात. काथ्याचा दोर वळावा तसे रेणू जोडीजोडीने एकमेकांना पीळ घालतात आणि अशा अनेक जोड्यांचे सूत्र बनते. मध्यम व जड प्रथिनांच्या शेपट्या बाटली धुण्याच्या ब्रशाच्या केसांसारख्या बाहेर डोकावतात. या शेपट्यांत सेरीन हे अमिनो आम्ल पुन्हापुन्हा येते. त्याला फॉस्फेट चिकटले की शेपटीवर ऋणभार येतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून सूत्रे दूर राहून तंतू फुगतो, असे पुस्तकांत छापलेले असते. चित्र सुबक आहे, पण जरा जास्तच सुबक! उंदरांत जड प्रथिनाची शेपटी काढून टाकली, तरी तंतूंच्या जाडीत फारसा फरक पडला नाही. मध्यम प्रथिनाची काढली तेव्हा मात्र ते बारीक झाले.

अक्षतंतू तुटला की हलके प्रथिन पाझरून मेरुद्रवात आणि तेथून रक्तात येते. त्याचे प्रमाण मोजून मज्जापेशींची हानी जोखता येते. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या ए.एल.एस. या रोगाच्या एका आनुवंशिक प्रकारावरील टोफरसेन या औषधाला अमेरिकेत २०२३ साली मंजुरी मिळाली, ती मुख्यतः रक्तातील हे प्रथिन घटल्याच्या पुराव्यावर.