भोवत्या पक्ष्याच्या दोन जाती

हिवाळ्यात सावनेरकडील तूर-हरभऱ्याच्या शेतांवरून अगदी खालून घिरट्या घालणारे भोवत्या पक्षी मध्य आशियातून येतात. त्यांच्या दोन जाती सहज ओळखू येत नाहीत. पांढुरक्या भोवत्याचा नर फिकट राखी असून त्याच्या पंखांच्या टोकांस काळी पाचर असते. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर अधिक गडद. त्याच्या पंखांवर काळा पट्टा व कुशीवर तांबूस रेघा असतात. माद्या तपकिरी असतात; पांढुरक्या मादीच्या मानेवर फिकट कडे उठून दिसते.

दोन्ही जाती नाकतोडे, टोळ व उंदीर खातात. म्हणून त्यांस मारू नये. रात्री हे पक्षी थव्याने गवतात जमिनीवरच बसतात. यास्तव हिवाळ्यात गवताळ पडीत जमीन पेटवू नये, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस समजावून द्यावे.