दाबणारं चुंबक, सुरकुत्या पाडणारं चुंबक

अमेरिकेत अल्बुकर्कीच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘झेड’ नावाचं यंत्र आहे. तेला-पाण्याने भरलेल्या त्याच्या गोल टाकीचा व्यास सुमारे 33 मीटर. एवढ्या पसाऱ्याचं लक्ष्य मात्र मधोमध उभी केलेली, जेमतेम सेंटिमीटरभर उंचीची बेरिलियमची नळी! कपॅसिटरांतली वीज एकदम सोडली, की सुमारे 100 नॅनोसेकंदांत नळीतून जाणारा प्रवाह 2 कोटी अँपिअरच्या घरात पोचतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र नळीला वेढतं आणि तिला आत चिरडतं. प्रत्येक बाराला आसपासचे सुटे भागही जातात, म्हणून दिवसाला साधारण एकच बार.

चिरडणं समसमान झालं तर आतलं इंधन तापून अणुसंमीलन होतं. पण ते समसमान होत नाही. क्षेत्राला वजन नाही, धातूला आहे. हलक्याने जडाला रेटलं की पृष्ठभागावरचा बारीकसा खडबडीतपणाही फोफावतो. हीच रॅले-टेलर अस्थिरता. चुंबकीय क्षेत्र तिच्यावर काय परिणाम करतं, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1961 च्या ग्रंथात गणिताने मांडलं आहे. क्षेत्ररेषांना वाकवू पाहणारी सुरकुती रेषांच्या ताणाने दबते. रेषांच्याच दिशेने पडणारी मोकाट वाढते. ‘झेड’मध्ये रेषा नळीभोवती फिरतात, म्हणून सुरकुत्याही कड्यांसारख्या.

आतली उष्णता निसटू नये म्हणून नळीच्या लांबीच्या दिशेने आधीच एक क्षेत्र देण्याची ‘मॅगलिफ’ योजना स्लुट्झ आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडली. थॉमस ऑ यांच्या गटाने 2013 मध्ये तशा नळ्यांची क्ष-किरणचित्रं प्रसिद्ध केली, तेव्हा कडी गायब होती. त्यांच्या जागी स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरप्या सुरकुत्या.

हे चमत्कारिकच होतं. उभं क्षेत्र 7 ते 10 टेस्ला, तर ऐन भरात वेढणारं क्षेत्र हजार टेस्लांच्या वर. त्या हिशोबाने तिरपेपणा एका अंशाहूनही कमी हवा. एक स्पष्टीकरण असं, की सुरुवातीला प्रवाह कमी असताना दोन्ही क्षेत्रं तुल्यबळ असतात आणि तेव्हाच आट्यांचं बीज पडतं. नळीबाहेरचा विरळ प्लाझ्मा उभं क्षेत्र दाबून नळीलगत आणतो, असंही एक मत आहे.

नळीवर प्लास्टिकसारख्या विद्युतरोधकाचा थर दिला, तर सुरकुत्या कमी पडतात. त्याहून चतुर युक्ती श्मिट आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये सुचवली: परतीच्या प्रवाहाचा मार्गच मळसूत्री करायचा. नळी आक्रसते तशी बाहेरच्या क्षेत्राची दिशा वळत जाते आणि एकाच सुरकुतीला वाढायला सलग वेळ मिळत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या ‘मेझ’ या छोट्या यंत्रावर पातळ नळ्यांच्या बाबतीत ही युक्ती चालली. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले.