वाटीभर म्हणजे किती ग्रॅम?

घनफळ आणि वजन
वाटी, कप, चमचा ही घनफळाची मापे. ग्रॅम, किलो ही वजनाची. दोन्हींचा आकडा पाण्यापुरता जुळतो: 100 मिलिलिटर पाणी, 100 ग्रॅम. बाकी जिन्नसांचे गणित वेगळे.

कप, चमचा, वाटी
• अमेरिकी कप सुमारे 237 मिलि., मेट्रिक कप 250 मिलि.
• छोटा चमचा 5 मिलि., मोठा 15. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा 20 मिलि.चा.
• वाटीला प्रमाण नाही, घरागणिक निराळी. कृतीतले सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले, तर मात्र काही बिघडत नाही.

240 मिलि.च्या कपात, अंदाजे
• साखर 200 ग्रॅम
• तेल 220 ग्रॅम
• मध 340 ग्रॅम
• मैदा 120 ते 125 ग्रॅम, तोही हलक्या हाताने भरलेला. पिठाच्या डब्यात कप खुपसून दाबून भरला, तर काटा 150 ग्रॅमपर्यंत जातो. केक बिघडण्याचे हे नेहमीचे कारण.

पायली-शेर
2 कोळवी = 1 चिपटे; 2 चिपटी = 1 मापटे; 2 मापटी = 1 शेर; 4 शेर = 1 पायली. ही धान्य मापायची, म्हणजे घनफळाची मापे. वजनाचा शेर निराळा: 80 तोळ्यांचा, सुमारे 933 ग्रॅम. भारतात मेट्रिक वजने ऑक्टोबर 1958पासून टप्प्याटप्प्याने आली.

तेलाची पिशवी
एक लिटर खाद्यतेल भरते सुमारे 910 ग्रॅम. खरेदी करताना पिशवीवरचे दोन्ही आकडे पाहा.