आगटीला रॉकेल नको

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा भरतो आणि मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानांत हुरड्याचे दिवस येतात. कणसातला दाणा नखानं दाबला तर पांढरा चीक निघतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ही जात भाकरीसाठी नावाजलेली. हुरड्याला मात्र लोक गुळभेंडी नाहीतर सुरती मागतात, कारण त्यांचा दाणा गोड आणि कणसातून अलगद सुटणारा. वाणाची चर्चा अशी भरपूर होते. आगटीबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते हुरड्याची निम्मी चव तिथंच ठरते.

आगटी म्हणजे रानात खणलेला वीतभर खोलीचा खड्डा. तळाशी वाळलेलं पाचट, त्यावर मोडलेल्या तुराट्या, त्यावर गोवऱ्या. बघण्यासारखी गोष्ट असते ती गोवऱ्या रचण्याची. जाणता माणूस त्या आडव्या टाकत नाही. उभ्या, एकमेकींना टेकवून, मध्ये बोटभर फट ठेवून लावतो. त्याआधी चिमूटभर माती हवेत सोडून वारं कुठून येतंय ते पाहतो आणि त्याच बाजूला, तळाशी, काडी लावतो.

पाचट भुर्रकन पेटतं, तुराट्या तडतडतात आणि जाळ फटींतून वर चढतो. गरम हवा वर गेली की खालून ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. एकदा ही ओढ लागली की फुंकणीही लागत नाही. गोवऱ्या आडव्या दाबून रचल्या तर हवेची वाट बंद होते. मग कितीही फुंका, धूर तेवढा डोळ्यांत जातो.

शहरातून आलेली मंडळी अशा वेळी रॉकेलची बाटली शोधतात. रॉकेलचा भडका उंच जातो, पण जळतं ते रॉकेल. ते संपलं की गोवरी वरून काळी आणि आतून थंडच. शिवाय त्याचा वास ओल्या, कोवळ्या दाण्यात शिरतो, आणि एकदा शिरला की चटणी लावूनही जात नाही. ‘‘जाळ नगं आपल्याला, इंगळ पायजे,’’ असं रानातले आजोबा म्हणाले, त्यात सगळं आलं.

इंगळ तयार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. आधी दाट, पांढुरका धूर येतो. गोवरीतली ओल आणि उष्णतेनं सुटणारे वायू त्यातून बाहेर पडतात. ते जळून गेले की धूर विरतो, ज्वाळा बसतात आणि नुसता कोळसा लाल होऊन धगधगत राहतो. कणसं खुपसायची ती आता, कडेच्या गरम फुफाट्यात. धुरात घातलेलं कणीस कडवट होतं आणि ज्वाळेत घातलेलं वरून करपून आत कच्चं राहतं. फुफाट्यात दाणा स्वतःच्याच ओलाव्यात वाफवतो. मग कणीस बाहेर काढून हातांवर चोळायचं, कोंडा फुंकून टाकायचा आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही यांच्यासोबत गरम असतानाच खायचं.

शहरात कबाबाच्या शेगडीलाही हाच नियम लागू पडतो. लोणारी कोळशातले वायू भट्टीतच निघून गेलेले असतात. म्हणून तो धूर कमी करतो, पण पेटायला हट्टी. तो पसरून पेटवू नये. खाली चिपाडं किंवा कागद ठेवून वर कोळशाचा ढीग उंच रचावा. खालचे तुकडे पेटले की वरच्यांना पेटवतात. परदेशात यासाठी भोकं पाडलेलं पत्र्याचं नळकांडं मिळतं. तेही हवेला खालून वर जायची वाट करून देतं. वरच्या कोळशावर राखेचा पांढरा पापुद्रा आला की ढीग पसरावा आणि सळया मांडाव्यात.

रानातल्या आगटीत एक काळजी जास्त. राखेखालचा इंगळ तासन्‌तास जिवंत असतो आणि जवळच कडब्याची गंजी असते. म्हणून उठण्याआधी आगटीत पाणी ओतून, राख ढवळून, पुन्हा पाणी ओतायचं आणि मग खड्डा मातीनं बुजवायचा. हे काम रानमालकावर न सोडता खाणाऱ्यांनीच करावं.